तरंगलेलं बी

दहाही बोटं झाली, अंगठे तर दोनदा झाले. हिरव्या उजेडाच्या काचेवर तुळशीरामानं बोट टेकवायचं, समोरच्या मुलीनं पडद्याकडे बघायचं आणि मान हलवायची. "मॅच होत नाहीये, काका," ती शेवटी म्हणाली. "बोटांवर रेषाच नाहीत तुमच्या." तुळशीरामानं हात उलटे करून पाहिले, जणू रेषा पलीकडून बाहेर पडल्या असतील. "होत्या गो बाय," तो म्हणाला. "नवव्या वर्षी मिठागरात उतरलो तवा येवढ्या होत्या, का जोशीबुवा हात बघाया बसला तो दोन दिस आमच्याकडंच जेवला. मंग मिठानं खाल्ल्या." आधार केंद्रातली रांग हसली. मुलगीही हसली आणि हसता हसता म्हणाली, "पण मग तुम्ही तुम्हीच कशावरून?" मग तिनं दुर्बिणीसारखं एक यंत्र त्याच्या डोळ्यांना लावलं, डोळे जुळले, काम झालं. कागद घडी घालून खिशात ठेवत तुळशीराम पायऱ्या उतरला, रिक्षात बसला. उरण नाक्याचा सिग्नल येईपर्यंत मुलीचं ते वाक्य विनोद होतं. सिग्नल सुटला तेव्हा ते विनोद राहिलं नव्हतं.

तुळशीराम थापा मारायचा. हे त्याच्या पाठीमागे बोललं जायचं नाही, तोंडावरच बोललं जायचं, आणि त्याला ते पदवीसारखं वाटायचं. खाडीकडच्या त्यांच्या गल्लीत कुणाचं लग्न असो, बारसं असो, मंडपाच्या कोपऱ्यात चार खुर्च्या तुळशीरामाच्या असायच्या. मोरा बंदराच्या लाँचमध्ये तिकीट काढून बसलेली मुशी मासोळी त्यानं पाहिली होती. मिठागरात एकदा इतकं ऊन पडलं होतं, की बगळ्याची सावली चिखलाला चिकटली आणि बगळा तिच्याशिवाय उडून गेला. ट्रक चालवायला लागल्यावर तर त्याच्या थापांना परमिटच मिळालं, सगळ्या राज्यांचं. या सगळ्या गोष्टींत एक खरी होती. सत्याऐंशी साली, ऑक्टोबरात, तळोज्याच्या कारखान्यातली यंत्रं घेऊन तो मनालीच्या पुढच्या घाटात गेला, बर्फात अडकला, आणि एका बाईनं त्याला घरात घेऊन जगवलं. क्लीनर तापानं फणफणून मनालीतच उतरला होता, म्हणजे साक्षीदार नाही. लोकांनी ती गोष्ट बाकीच्या गोष्टींच्या रांगेत बसवली. मोऱ्याच्या लाँचवर तीस वर्षं काढलेला काशिराम, त्याचा लंगोटीमित्र, तिला 'बर्फातली बाई' म्हणायचा आणि पान लावता लावता फर्माइश करायचा. "काढ रे तुझी बर्फातली बाई. जेवन जिरत नाय." आणि तुळशीरामही असा, की फर्माइश आली की जरा वाढवून वाढायचा. कधी बर्फ कमरेएवढा, कधी ट्रकच्या टपाएवढा. मुक्काम कधी अकरा दिवसांचा, कधी एकवीस. पंचाण्णवच्या सुमारास गोष्टीत एक अस्वल शिरलं. ते दाराशी येऊन बसायचं, बाई त्याला भाकरी टाकायची, आणि तुळशीराम निघाला तेव्हा त्यानं ट्रकला मागून धक्का मारला. अस्वलामुळे गोष्टीचं नाव झालं. बाई मागे पडली.

रिक्षात बसल्या बसल्या त्यानं पहिल्यांदा त्या बाईचा चेहरा आठवून पाहिला. आणि आला तो नुसता आवाज, त्याचा स्वतःचाच, मंडपात गोष्ट सांगणारा. बोटं म्हणतात हा तुळशीराम नाही. मग तो घाट, ते घर, ती बाई तरी कशावरून? अडतीस वर्षं तो कुणाचे तरी उपकार मनात घेऊन फिरत होता. ट्रक सुरू करताना हात स्टिअरिंगला लावून कपाळाला लावायचा, तो तिच्यासाठी. पहिला नातू झाला तेव्हा देवाच्या आधी तिची आठवण काढली होती. हे सगळं आपणच रचलेल्या बाईला वाहिलं असेल तर? तर मग त्याला जगवलं कुणी? रिक्षावाला म्हणाला, "काका, आलं घर." तुळशीरामाला उतरायला जरा वेळ लागला.

पुढचे काही दिवस तो ओटीवर बसून गोष्ट सोलत राहिला. कोळंबी सोलतात तशी, डोकं, साल, दोरा. पहिल्यांदा अस्वल काढलं. अस्वल काढताना वाईट वाटलं, तीस वर्षं सोबतीला होतं. मग ट्रकच्या टपाएवढा बर्फ काढला. एकवीस दिवस काढले, अकराही काढले. पाच असतील, चारही असतील, आपल्याच अंगात ताप असताना कोण मोजतं. मग उरलं काय? ओल्या लोकरीचा वास. बंद पडलेल्या इंजिनाचा गारठा, जो पायांतून वर येताना दुखतो आणि गुडघ्यापाशी आला की दुखायचा थांबतो, आणि थांबतो तेव्हाच भीती वाटते. मग कुणाचे तरी हात पाय चोळत होते. मिठागरात तेरा वर्षं भाजून कातडं झालेली टाच त्या हातांना लागली, तेव्हा हात थांबले, आणि कुणीतरी त्या टाचेवर बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसं वाजवून पाहिलं. आणि चहा. खारा चहा, वर लोण्याचे डोळे तरंगणारा. पहिला घोट घेतला आणि त्याला वाटलं, आपण मेलो आणि पनवेलच्या खाडीत येऊन पडलो. पण इथंच त्याची पकड सुटायची. खारा चहा! मिठागरातला माणूस दुसरं काय रचणार? सुनेनं, दिपिकानं, फोनवर शोधून दाखवलं की तिकडे खरंच मीठ घालून चहा पितात. ती शाळेत सायन्स शिकवते, तिला पुरावा सापडला की आनंद होतो. तुळशीरामाला झाला नाही. असा चहा असतो हे त्यानं एखाद्या ढाब्यावर ऐकलंही असेल.

एक गोष्ट मात्र सोलून सोलूनही जात नव्हती. तो निघाला कसा, ती. फौजेच्या गाड्यांनी रस्ता मोकळा केला, खालून हॉर्न वाजले, आणि ट्रकवाला हॉर्नला पळतो तसा तो पळाला. चपला हातात घेऊन पळाला. मागे वळून एक शब्द बोलला नाही. तिची भाषा येत नव्हती हे खरं, पण आपल्या भाषेत तरी कुठला शब्द होता? त्यांच्या घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. भाषणात म्हणतात, लग्नाच्या पत्रिकेत छापतात. घरात फार तर विचारतात, जेवलास का? तेवढंही त्यानं त्या बाईला विचारलं नव्हतं. ती त्याच्या आधी जेवायची का नंतर, की त्याला देऊन तशीच राहायची, हे अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनात आलं आणि त्याचा चहा गार झाला.

डबी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. तंबाखूची, झाकणावरचं चित्र उडालेली. आत तंबाखूची भुकटी आणि काळपट तपकिरी बारीक बिया, अकरा. त्या बाईनं दिल्या होत्या एवढं त्याला आठवत होतं. का दिल्या, कशा दिल्या, ते नाही. अस्वलापुढे बियांना कोण विचारतो, म्हणून त्या गोष्टीत कधी आल्याच नव्हत्या. दिपिकानं भिंग लावून बघितल्या, फोनवर वीसेक फोटो सरकवले आणि म्हणाली, "जिरेनियम वाटतंय, बाबा. आपल्या कुंडीतलं नाही हं, रानटी. उंच डोंगरातलं. काही काही जाती रेअर असतात. पण एवढ्या जुन्या बिया..." पुढचं ती बोलली नाही, चांगली मुलगी आहे. फुलाचा फोटो तिनं दाखवला तेव्हा तुळशीरामानं डोळे मिटून घेतले. "दाखवू नको गो. आधी मी सांगतो." निळं, जांभळ्याकडे झुकणारं. मधी पांढरं. पाकळीवर शिरा, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असतात तशा. आणि फूल गळलं की बगळ्याच्या चोचीसारखी लांब शेंग. असलं काही उगवलं तर बाई होती. नाही उगवलं तर ते बी कोणाचंही. मुळ्याचं, राजगिऱ्याचं, दिल्लीच्या बाजारातल्या कुठल्याही फुलाचं. अकरा बिया, म्हणजे अकरा वेळा विचारायची मुभा.

"भिजवायच्या," दिपिकानं सांगितलं, "आणि ओल्या कापडात गुंडाळून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये. त्यांना हिवाळा काढल्यासारखं वाटलं पाहिजे, त्याशिवाय उघडत नाहीत." तुळशीरामाला हे लगेच पटलं. पण बी पेरायच्या आधी पारखायचं असतं, आणि ते सायन्सवाल्या सुनेनं सांगायची गरज नव्हती. खारजमिनीतल्या भाताचं बी त्याचा बाप जसं पारखायचा तसंच त्यानं पारखलं. पातेल्यात पाणी, त्यात मीठ, ढवळायचं, अंडं सोडायचं. अंडं तरंगून त्याचं टाळकं रुपयाएवढं वर आलं की पाणी तयार. मग बी टाकायचं. बुडेल ते भरलेलं, तरंगेल ते पोचट. हौसा, त्याची बायको, उरण नाक्यावरून मासळी विकून आली तर स्वयंपाकघरात नवरा पातेल्यातल्या अंड्याकडे टक लावून बसलेला.

"काय वो, अंड्याला पोहाया शिकवताव?"

"बी पारखतोय."

"कोंबडीचं?"

आठ बिया बुडाल्या, तीन तरंगल्या. तुळशीरामानं त्या तीन चमच्यानं उचलल्या आणि मागच्या दारातून भिरकावल्या. बघितलंसुद्धा नाही कुठे पडल्या ते. बापानं शिकवलं होतं, पोचट बियाला दया दाखवली की शेत बसतं. उरलेल्या आठ त्यानं हौसाच्या जुन्या लुगड्याच्या ओल्या तुकड्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, बांगड्यांच्या डब्याच्या वर. त्यावरून घरात जे झालं ते सांगायला नको. हौसाचं म्हणणं, फ्रिज धंद्याचा आहे. एकदा पुडी कालवांखाली गेली, एकदा तिच्यावर सुरमई आली. रोज सकाळी उठून तो फ्रिज उघडायचा आणि दार धरून उभा राहायचा, गार हवा नडग्यांना लागायची. काही वेळा तो गारठा पायांतून वर यायचा आणि तो त्या गाडीत बसलेला असायचा. मग हौसा ओरडायची, "मिटा तो दरवाजा. लाइटबिल काय तुमची बर्फातली बाई भरनार?"

बाई ऐकून त्याला हल्ली हसू यायचं नाही. हे काशिरामानंही ओळखलं. पौषात शेजारच्या काळूरामच्या नातवाचं बारसं झालं, चार खुर्च्या लागल्या, आणि तुळशीराम पहिल्यांदा गप्प बसला. बोलायला तोंड उघडायचा आणि त्याला वाटायचं, हे बोललो की हेही त्या ढिगात जाईल. काशिरामानं बराच वेळ पान चघळलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "डाक्टरकडं गेल्तास काय रे?" "नाय." "मंग जा. तू खोटा बोलायचा थांबलास, मना बरा वाटत नाय."

जानेवारी संपताना त्यानं पुडी उघडली. लुगड्याच्या तुकड्याला काळी-पांढरी लव आली होती. बिया त्यात होत्या, पण बोट लावलं तशा फुटल्या, आत पाणी. एक, दोन, तीन, आठही. दिपिका शेजारी उभी होती, ती म्हणाली, "सालीला तडे गेले असतील, बाबा, म्हणून पाणी शिरलं. जड झालेल्या होत्या ना." तुळशीरामानं तुकडा चुरगळला आणि हसला, सवयीनं. मग मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. समोर खाडीवर ओहोटीचा चिखल होता, पलीकडे नवे टॉवर. जे वाटत होतं ते दुःखही नव्हतं. घरावरून रोज जाणारा माणूस एक दिवस येत नाही आणि मग कळतं की तो आपला कुणी नव्हताच, तसं काहीतरी. नाही म्हणजे नाही. ट्रकमध्ये आपण आपले पाय आपणच चोळले असतील. तेवढी ताकद असते तिशीत.

महाशिवरात्रीच्या आधीची गोष्ट. पायरीशेजारी एक फुटका थर्माकोलचा खोका होता, त्यात माती घालून हौसानं मिरच्या लावल्या होत्या. मासळीच्या पाटीतला उरलेला बर्फ ती रोज दुपारी त्यात उपडा करायची, माशाच्या पाण्यानं मिरची तिखट होते म्हणून. त्या दिवशी ती वाकली आणि म्हणाली, "ह्यो रानटा काय माजलाय बघा," आणि उपटायला तिनं त्याला मुठीत धरला. तुळशीरामानं पाहिलं. हाताच्या पंजासारखं पान, पाच बोटांचं, कडेला कातरलेलं, देठावर लव. "सोड!" तो असा ओरडला की शेजारचा कुत्रा पळाला. हौसानं मूठ सोडली. एक मूळ अर्धं वर आलं होतं, ते तिनं अंगठ्यानं परत दाबलं. "काय झालं? साप हाय काय?" तुळशीराम गुडघ्यांवर बसला होता. चमचा, मागचं दार, तीन पोचट बिया. भाताच्या न्यायानं त्यानं ज्यांना टाकून दिलं, त्यांच्या साली धड होत्या, म्हणून पाणी आत गेलं नव्हतं, म्हणून तरंगल्या होत्या. आणि त्यांना हिवाळा दिला होता हौसानं, रोज एक पाटी, करंजा बंदरातून आलेल्या बर्फाचा, माशाच्या वासाचा. घरात फ्रिज होता, सायन्स होतं, तुळशीरामाच्या बापाची अक्कल होती, आणि बर्फ टाकला तो मिरच्यांसाठी.

"हौसा," तो म्हणाला, "उद्यापासून बर्फ जास्त आन."

"का?"

"मिरच्या बऱ्या आल्यात."

उरलेल्या दोन बियांचं काय झालं ते कळलं नाही. त्या एका रोपावर तुळशीरामानं छत्री बांधली. फाल्गुनात ऊन तापलं तशी दुपारी ओली गोणी आडवी धरून तो बसायचा, हात भरून आले तरी. हौसा येता जाता म्हणायची, मी आजारी पडले तवा हाच मानूस लग्नाला गेल्ता. फूल आलं गुढीपाडव्याच्या आठवड्यात. निळं. जांभळ्याकडे झुकणारं. मधी पांढरं, आणि शिरा. दिपिकानं फोटो काढून कुणाकुणाला पाठवले, तिचा आनंद बघण्यासारखा होता. तुळशीरामालाही व्हायला हवा होता. पण सकाळी सकाळी फुलासमोर बसल्यावर त्याच्या आत ते आधार केंद्रातलं यंत्र हळूच म्हणालं, फूल आहे, मान्य. बाई कशावरून? ट्रकवाला डोंगरात जातो, रस्त्याकडेच्या झाडाच्या बिया डबीत टाकतो. त्याला बाई कशाला लागते? तो उठला नाही. पाकळ्या गळल्या, शेंगा लांबल्या, बगळ्याच्या चोचीसारख्या, आधी हिरव्या, मग तांबूस, मग वाळलेल्या. त्यांना बांधायला म्हणून त्यानं लुगड्याचा आणखी एक तुकडा फाडून आणला.

दुपारचे दोन वाजले असतील. हौसा अजून यायची होती. तो वाकला, चेहरा शेंगेच्या अगदी जवळ गेला, आणि टक्! चष्म्याच्या काचेवर काहीतरी आदळलं. त्यानं डोळे मिटले. पुन्हा टक्, या वेळी गालावर.

आणि डोळे मिटलेलेच राहिले, कारण आत छत होतं, काळं, धुरानं चकाकणारं. त्याच्या आडव्या वाशाला टांगलेली वाळक्या झाडांची जुडी, खाली डोकं वर मुळं. खाली चूल. ऊब लागली की शेंग तडकायची, वरून टक्. त्याच्या गालावर, पापणीवर. कित्येक दिवसांत जगानं त्याला केलेला पहिला स्पर्श, ज्यानं तो दचकला. आणि चुलीपलीकडून हसणं. वरचे दात नसलेलं हसणं, मग लाजून तोंडावर हात. ती उठली, गुडघा धरून, कारण गुडघा दुखत होता तिचा, त्याच्यावर वाकली आणि गालावरचं बी चिमटीत उचललं. इकडे तिकडे पाहिलं. त्याच्या उशाशी पडलेली त्याची तंबाखूची डबी उघडून त्यात टाकलं. ज्याला लागलं त्याचं. पुढच्या वेळी टक् झालं तेव्हा तोच आधी हसला. मग तो खेळच झाला दोघांचा, भाषा नसलेला. लागलं की ती डबी वाजवून दाखवायची. अकरा लागल्या होत्या. अडतीस वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कुठल्याच मंडपात, अस्वलाच्या आधीही नाही नंतरही नाही. सांगितलंच नव्हतं म्हणून ते वाढलं नव्हतं, झिजलं नव्हतं. चेहरा आता समोर होता, नाकावर चुलीची राख, डाव्या भुवईत तुटकी रेघ.

तुळशीरामाच्या चष्म्यातून पाणी हनुवटीवर आलं. रिकाम्या मागच्या दारात, माशाच्या वासाच्या थर्माकोलपुढे तो बसला होता. घाटातल्या त्या घराकडे चपला हातात घेऊन तो जणू उलटा पळत आला होता, आणि उंबऱ्यात धापा टाकत त्यानं विचारलं, मोठ्यानं,

"जेवलीस का गो?"

"कोन, मी?" मागून हौसा म्हणाली. डोक्यावर पाटी, पाटीतून पाणी गळतंय, चेहरा उन्हानं लाल. "येवढ्या वर्सांत आज इचारलंत. काय फोडलंत घरात? खरा सांगा."

तुळशीराम वळला. तिच्याकडे बघत राहिला. हाताला मासळीचे खवले चिकटलेले, अंगठ्याच्या नखात माती, ज्या अंगठ्यानं तिनं ते मूळ परत दाबलं होतं. "तूच," तो म्हणाला. "जेवली नसशील तर बस. मी वाढतो."

हौसानं पाटी उतरवली, उरलेला बर्फ खोक्यात ओतला, आधी त्या रोपाच्या बुडाशी, मग मिरच्यांना. ताटापुढे बसल्यावर ती बराच वेळ त्याच्या वाढणाऱ्या हाताकडे संशयानं बघत होती. भात सांडला, कालवण ताटाबाहेर गेलं. मग घास घेता घेता म्हणाली, "बोला की कायतरी. चार महिनं झालं, घर कसं ओसाड वाटतंय. त्या अस्वलाचा सांगा."

"कंचा अस्वल?"

"दाराशी बसायचा तो. तीस वरसं आयकत आले, त्याचा पुडं काय झाला ते तुमी कवा सांगितलाच नाय."

तुळशीरामानं तिच्या ताटात आणखी एक बांगडा घातला, चष्मा लुगड्याच्या तुकड्याला पुसला, घसा साफ केला. आणि चार महिने बाहेर थंडीत थांबलेलं अस्वल आत आलं, अंगावरचा बर्फ झटकून ताटाशेजारी बसलं.